ज्वारीला पिशवी, डाळीला पाकीट, शेंगदाण्याला काही नाही

दोन वस्तूंबद्दल लिहितेय. एक म्हणजे पोत्याच्या आत घालायची ५० किलोची हवाबंद पिशवी. दुसरी म्हणजे ऑनलाइन मिळणारा खोका. त्यात चंदेरी पाकिटं, ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या आणि पाकिटाचं तोंड चिकटवायचं छोटं मशीन असतं. पिशवी लातुरात बी-बियाण्याच्या दुकानात मिळाली, एक साधारण २०० रुपयांना. खोका लेकीनं पुण्याहून मागवून दिला, त्याचे हजाराच्या वर गेले. दोन्हींत सुगीचं धान्य भरलं, मृगापासून दिवाळीपर्यंतचा सगळा ओला काळ जाऊ दिला आणि आता उघडून खातोय.

पिशवीवर मी खूश आहे. खोक्याचं तसं एका शब्दात सांगता यायचं नाही.

आमचं शेत औसा तालुक्यात, राहणं लातुरात. वर्षाचं धान्य एकदाच भरायची रीत घरात अजून चालू आहे. मालदांडी ज्वारी चार क्विंटल, गहू दोन, तूर-हरभरा घरचा, मूग-उडीद पाऊस देईल तसे. शहरातल्या वाचकांना हे जास्त वाटेल, पण आमच्याकडं भाकरी दोन्ही वेळा होते, त्यातच लेकीचा डबा असतो, आल्यागेल्याचं असतं. एवढं धान्य फ्लॅटसारख्या घरात ठेवायचं कुठं आणि कसं, हा दरसालचा प्रश्न. गावातल्या जुन्या माळवदाच्या घराला जाड मातीच्या भिंतीतलं बळद होतं. वरून ओतायचं, खालच्या भोकातून लागेल तसं काढायचं. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात घरं सिमेंटची झाली आणि बळद गेलं. त्याच्या जागी पत्र्याची कोठी आली. कोठीला उंदीर लागत नाही हे खरं, पण झाकण कितीही दाबून बसवा, हवा आत जातेच. दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो, आणि वरच्या थराला घाम सुटतो. आषाढ संपेपर्यंत कोठीच्या कडेला पिठूळ दिसायला लागलं की समजायचं, आत वस्ती झाली.

त्यावरचे घरगुती उपाय सगळे करून झालेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला, बिब्बे, मुगाला राख, गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेल, तांदळाला बोरिक पावडर. एरंडेल आणि राख मला आजही पटतात. पाल्याचा उपयोग थोडा होतो, पण चार क्विंटलला मूठभर पाला टाकून देवावर हवाला ठेवायचा, ह्यात अर्थ नाही. पारद टिकडी मात्र मी घरात येऊ देत नाही. खायच्या धान्यात पारा कशाला?

दुकानात विचारायला गेलात तर कुणीतरी हळूच "गोळी टाका की" म्हणणारा भेटतोच. ती गोळी अॅल्युमिनिअम फॉस्फाईडची असते. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो किड्याला मारतो तसाच माणसालाही मारतो. गोदामात, रिकाम्या इमारतीत, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली वापरायची ती वस्तू आहे, आणि सरसकट कुणालाही विकायला कायद्यानं परवानगी नाही. ज्या घरात लेकरं झोपतात तिथल्या पोत्यात ती टाकायची नाही, बस्स. पिशवीकडं मी वळले त्यामागं हे मोठं कारण.

आता पिशवी. बाजारात दोन तऱ्हा आहेत. एकीत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या एकात एक असतात आणि बाहेर विणलेलं प्लास्टिकचं पोतं. दुसरीत एकच आतली पिशवी असते, पण तिच्या प्लास्टिकमध्ये हवा अडवणारा वेगळा थर घातलेला असतो. ती आपल्या नेहमीच्या बारदान्यात किंवा कट्ट्यात घालायची. मी दुसरी घेतली. दोन्हींमागचं तत्त्व एकच. बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही. आत जी हवा उरते तिच्यातला ऑक्सिजन धान्य आणि किडे स्वतःच श्वासातून संपवतात. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. पाचेक टक्क्यांच्या खाली उतरला की किडे खाणं थांबवतात, अंडी घालत नाहीत आणि पुढं मरतात. औषध नाही, धूर नाही.

तीन थरांची पिशवी मुळात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेत कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांसाठी बसवली, आणि ती चवळीसाठी. चवळीला भुंगा किती लागतो हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. पुढं तिथल्याच कीटकशास्त्रज्ञांनी दाखवलं की ह्या पिशवीत भुंगा मुख्यत्वे तहानेनं मरतो. दाण्याच्या आत त्याला प्यायला पाणी कुठलं? खाल्लेल्या अन्नातून, ऑक्सिजन वापरून, तो आपलं पाणी शरीरातच तयार करतो. ऑक्सिजन तुटला की ते पाणी तुटतं आणि किडा वाळून जातो. मला ही माहिती इतकी आवडली की त्या आठवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली.

आमच्या आत्याबाईंना ऐकवली तेव्हा त्या पिशवीला हात लावून म्हणाल्या, "आगं, ह्ये तर पेवच हाय की. जमिनीतलं वर काढलंय नुसतं." त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर आहे. पेव म्हणजे गावाच्या उंचवट्यावर खणलेला खोल खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं, आत कडबा आणि भुसा लावून ज्वारी भरायची, वरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. धान्याच्या श्वासानं आतला ऑक्सिजन संपायचा आणि कार्बन डायऑक्साईड साठायचा. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दिवा दोरीनं खाली सोडून बघायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. घाई करणारे गुदमरून मेल्याच्या गोष्टी आमच्या भागात गावोगाव आहेत. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास यायचा, तो भाकरीतही उतरायचा. आत्याबाई म्हणतात, वास आला तरी दुष्काळात तीच ज्वारी होती. पिशवीतल्या ज्वारीला तसला वास आला नाही. पेवात जमिनीची ओल झिरपायची, पिशवीत ओल शिरायला जागा नाही.

पण हीच गोष्ट उलटीही लागू होते, आणि पिशवीचा खरा धोका तिथंच आहे. बाहेरची ओल आत जात नाही तशी आतली बाहेर जात नाही. कोठीत, पोत्यात थोडं दमट धान्य भरलं तर ते हळूहळू वाळतं तरी. पिशवीत जसं भराल तसंच राहील, आणि जास्त ओलं असेल तर बुरशी धरेल. दुकानदार हे सांगत नाही. पिशवीवर बारीक अक्षरांत, तेही इंग्रजीत, छापलेलं असतं. जी वस्तू खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्याला विकायची तिच्यावरच्या सूचना मराठीत नकोत का? यासाठी पिशवीचे थोडे गुण मी कापलेत.

आडतीवर धान्यातल्या ओलाव्याला 'हवा' म्हणतात. सोयाबीन घालायला गेलं की व्यापारी मशीनमध्ये मूठभर दाणे टाकून "हवा बाराची लागली" म्हणून भाव पाडतो, ते मशीन. ओळखीच्या आडतीवर ज्वारी-गव्हाचा डबाभर नमुना नेला तर तिथंच हवा मोजून मिळते, कुणी पैसे घेत नाही. ज्वारी-गहू बाराच्या आत पाहिजे, अकरा-दहा असेल तर उत्तम. कडधान्यं आणि डाळी दहाच्या आत. मशीन हाताशी नसेल तर काचेच्या कोरड्या बाटलीत थोडं धान्य आणि कोरडं मीठ घालून हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर धान्य खूपच ओलं आहे. ही परीक्षा ढोबळ आहे. मीठ चिकटलं नाही म्हणजे धान्य पिशवीत भरण्याइतकं वाळलं, असं समजू नका. ती साधारण पंधराच्या वरचा ओलावाच पकडते. त्यापेक्षा आत्याबाईंचा दात बरा. दाण्याचा कट्‌ट आवाज होऊन सरळ दोन तुकडे झाले पाहिजेत. दाढेखाली दबला की पुन्हा उन्हात.

ऊन ही आपल्याकडची फुकटची आणि सगळ्यात मोठी सोय. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते, तूर त्याच्याही आधी, आणि पुढं एप्रिल-मे मोकळे. गच्चीवर ताडपत्री टाकून पातळ थर पसरायचा, दुपारून दोनदा पायानं हलवायचा. त्यानं ओल जाते, आणि शेतातून दाण्याबरोबर आलेली अंडीही बरीचशी तापून मरतात. अंडी शेतातून येतात हे लक्षात घ्या. तूर-मुगाचा भुंगा उभ्या पिकातच शेंगेवर अंडी घालतो आणि अळी दाण्यात शिरून घरी येते. तुम्ही कोठी कितीही धुऊन पुसून ठेवली तरी तो पोत्यातूनच आलेला असतो. तापलेलं धान्य मात्र तसंच पिशवीत कोंबायचं नाही. गार झालं की आतून पाणी सुटतं. आम्ही संध्याकाळी घरात घेऊन लुगड्याखाली ढीग ठेवतो आणि पहाटे भरतो.

भरताना दोन माणसं लागतातच. एकानं पिशवीचं तोंड धरायचं, दुसऱ्यानं ओतायचं. प्रत्येक घमेल्यानंतर पिशवी जरा आपटून धान्य बसवायचं. वर हातभर प्लास्टिक मोकळं राहिलं पाहिजे, त्याला घट्ट पिळा मारायचा, पिळा दुमडून स्वतःवरच आणायचा आणि सुतळीनं आवळून बांधायचा. बांधताना धान्यावर हात दाबून आतली हवा जेवढी निघेल तेवढी काढायची. पोत्यात काडी, खडा, ज्वारीच्या ताटाचा तुकडा राहिला तर तो प्लास्टिक भोकसतो, म्हणून चाळणी मन लावून झाली पाहिजे. आमचे हे म्हणाले, "चाळायचं, वाळवायचं, मोजायचं, मग पिशवी काय करायली?" तसं बघितलं तर त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पिशवी तुमचं काम कमी करत नाही. एप्रिलात केलेलं काम कार्तिकापर्यंत टिकवते, एवढंच.

टिकवलं का? ज्वारी शंभर टक्के. दिवाळीनंतर उघडली तेव्हा दाणा मोत्यासारखाच पांढरा, कुठं जाळी नाही, पीठ नाही. भाकरीला चव तीच, पीठ मळताना वसरलं नाही. कोठीत वेगळी ठेवलेली थोडी ज्वारी होती, तिच्यात सोंडे फिरत होते. चाळून कोंबड्यांना टाकली. गहू चांगला राहिला, पण एका पिशवीला बारीक भोकं दिसली. गव्हात लागणारा तो बारका, नळकांडीसारखा तपकिरी भुंगेरा प्लास्टिकही पोखरू शकतो. भरताना तो आधीच आत असला तर पिशवी हरते. अख्खा हरभरा आणि अख्खी तूर यांच्यासाठी तर ही पिशवी मी डोळे झाकून सांगेन. ही दोन कडधान्यं साध्या पोत्यात श्रावण बघत नाहीत.

तुरीची डाळ करून ठेवली तर भुंग्याची धास्ती आपोआप कमी होते. त्याला अंडी घालायला अख्खा गुळगुळीत दाणा लागतो, फुटलेल्या डाळीत त्याचं नीट बस्तान बसत नाही. आपल्या बायका उन्हाळ्यातच तूर भिजवून, माती लावून, वाळवून भरडून टाकायच्या, त्यात हाही हिशेब होता. गिरणीची पॉलिशची डाळ आणि घरची भरडलेली डाळ यांतला फरक मी इथं काढत नाही, नाहीतर लेख तिकडंच जाईल.

उंदरांचं मात्र पिशवी काही करत नाही. प्लास्टिक त्यांना दाताला लागतही नाही. पिशव्या भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर ठेवा, आजूबाजूला अडगळ ठेवू नका. आम्ही तर भरलेल्या पिशव्या सरळ जुन्या पत्र्याच्या कोठीत उभ्या केल्या. कोठी उंदरासाठी, पिशवी किड्यासाठी. दोन्हींचे पैसे वसूल.

आणखी एक अडचण आहे. पिशवी उघडली की ताजी हवा आत गेली, सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून. रोज सोडून रोज बांधायची ही वस्तू नव्हे. एक पिशवी सोडली की दोन-तीन आठवड्यांचं धान्य डब्यात काढायचं आणि तोंड परत तसंच पिळून बांधायचं. कुटुंब लहान असेल तर ५० किलोची घेऊच नका, २५ किलोचीही मिळते.

आता खोका. त्याच्या जाहिरातीत २५ वर्षं टिकेल असं लिहिलंय. हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठात अनेक दशकं जुना, ऑक्सिजन काढून बंद केलेला गहू तपासला, त्याचा पाव खाण्याजोगा निघाला. पण एवढं टिकायला जागा कोरडी, २४ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड लागते. आमच्या लातुरात मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर पारा कुठं जातो ते सांगायला हवं का? उष्णतेनं डाळ सडत नाही, पण म्हातारी होते. दोन उन्हाळे खाल्लेली डाळ कुकरच्या कितीही शिट्ट्या दिल्या तरी घोटत नाही, वरण पाण्यावर आणि डाळ तळाशी. पाकीट किडा थांबवतं, ऊन थांबवत नाही. आपल्या हवामानात चांगल्या पाकिटातली डाळ दोनेक वर्षं उत्तम राहील असं मी धरून चालते, आणि मला त्यापेक्षा जास्त नकोच आहे. पुढच्या माघात नवी तूर येतेच की.

पाकिटं स्वतः चांगली आहेत. बाहेरून पॉलिएस्टर, मधे अॅल्युमिनिअमचा थर, आतून वितळून चिकटणारं प्लास्टिक. उजेडही आरपार जात नाही. एक किलोची आणि पाच किलोची अशी दोन मापं आली. चिकटवायच्या मशीनची मात्र पट्टी आखूड निघाली. पाच किलोच्या पाकिटाचं तोंड दोनदा सरकवून चिकटवावं लागतं आणि मधल्या जोडावर हवा राहते. त्यापेक्षा लाकडी फळीवर तोंड ठेवून गरम इस्त्री फिरवा, सरळ रेघ येते. चिकटवलेलं पाकीट हातानं दाबून, कानाशी नेऊन बघायचं. फुस्स आवाज आला तर पुन्हा.

पुड्यांची गोष्ट जरा लांबवते, कारण तिथं फसवणूक होते. ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीत लोखंडाची बारीक भुकटी आणि थोडं मीठ असतं. लोखंड गंजतं, गंजताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि पुडी हाताला कोमट लागते. आम्हाला पहिल्यांदा आलेल्या खोक्यात पुड्यांवर 'ऑक्सिजन' असं छापलेलं होतं, पण एक फोडून बघितली तर आत पारदर्शक मणी. म्हणजे सिलिका जेल, बुटांच्या खोक्यात असतं तेच. ते ओल घेतं, ऑक्सिजनशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्याच्या भरवशावर ठेवलेल्या मुगात भुंगे आरामात पोरंबाळं वाढवतील. विकणाऱ्याला फोटो पाठवल्यावर त्यानं "मॅडम, सेम काम करतं" असं उत्तर दिलं. पैसे मिळाले, पण लेकीला तीन-चार वेळा भांडावं लागलं. दुसऱ्या विक्रेत्याकडून आलेल्या पुड्या खऱ्या निघाल्या. तुम्ही एक करा, पुडी न फोडता तिला चुंबक लावा. फ्रिजवरचं लेकरांचं चुंबकही चालेल. आत लोखंड असेल तर पुडी चिकटते.

आणि पुड्यांचं मोठं पाकीट फोडण्याआधी धान्य भरून, तोंडं सरळ करून, इस्त्री तापवून ठेवा. एकदा हवा लागली की त्या काम सुरू करतात, पंधरा-वीस मिनिटांत सगळं उरकलं पाहिजे. उरलेल्या लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, बरणी काठोकाठ भरून. पुड्यांच्या पाकिटात रंग बदलणारी एक छोटी खुणेची गोळी असते, ती गुलाबी असेल तर ठीक, निळी झाली असेल तर पुड्या वाया गेल्या. दाबल्यावर पुडी दगड लागली तरी तेच.

किती घालायच्या याचा हिशेब खोक्यात दिलेला नाही, म्हणून मी मांडते. पाच किलो डाळ भरलेलं पाकीट साधारण सहा लिटरचं. दाण्यांच्या मधली आणि वरची हवा धरली तर त्यातली चाळीसेक टक्के जागा हवेची, म्हणजे अडीच लिटरच्या आसपास. त्यातला पाचवा हिस्सा ऑक्सिजन, म्हणजे ५०० सीसी (सीसी म्हणजे मिलीलिटरच). पुडी ३०० सीसीची असेल तर दोन घाला. एक किलोला १०० सीसीची एक पुरे. पाकीट एक-दोन दिवसांत अंगाला चिकटून कडक होतं, पण झालं नाही तर घाबरू नका. हवेतला पाचवा हिस्साच गेलेला असतो, बाकीचा नायट्रोजन आतच राहतो. हरभऱ्याच्या दाण्याला ते टोकदार नाक असतं, कडक झालेल्या पातळ पाकिटाला ते आतून टोचतं. हरभऱ्याला जाड पाकीट घ्या, नाहीतर पिशवीतच ठेवा.

ओलाव्याचा नियम इथं आणखी कडक आहे. दहाच्या वर 'हवा' असलेलं काहीही ऑक्सिजन काढून बंद करू नका. ऑक्सिजनशिवाय आणि ओलीत वाढणारे जंतू असतात, बोट्युलिझम त्यांच्यामुळंच होतो, आणि त्याला वास-रंग असतोच असं नाही.

शेंगदाणे, तीळ, कारळ, जवस यांना हे काहीच लावू नका. त्यांच्यातलं तेल महिन्या-महिन्यानं खवट होत जातं, पाकीट ते थोडं लांबवेल, वर्षं काढणार नाही. शेंगा टरफलासकट ठेवा आणि लागतील तशा फोडा, त्याहून भारी पाकीट अजून निघालेलं नाही. हातसडीच्या तांदळाचं तेच. ज्वारीचं पीठ तर आठवड्याचं दळावं. येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजलेलं मसाल्याचं पीठ, मी एका पाकिटात घालून बघितलं. भाजलेल्या पिठाचा वास कोंडून जड झाला. येसर बरणीतच शोभतं. मीठ-साखरेला पुड्या घालायला सांगणारे लोक पुड्या विकणारे असतात.

मग खोका घ्यावा का? आमच्या घरी वर्षाच्या धान्यासाठी नाही. पण लेकीकडं पुण्याला न्यायला पाच किलो तुरीची डाळ, दोन किलो मूगडाळ असली पाकिटं फार कामाची. तिच्या स्वयंपाकघरात कोठी ठेवायला जागा नाही आणि ती सगळं एकदम फोडतही नाही, एक संपलं की दुसरं. घरच्या भाजीपाल्याचं थोडं बी ठेवायलाही पाकीट छान, पुडी न घालता, नुसतं कोरडं करून. सोयाबीनचं बी मात्र मोठ्या पिशवीत ठेवलं. त्याचं साल नाजूक, आपटून भरायचं नाही. पेरणीआधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण बघणार आहोत, तेव्हा इथंच खाली लिहीन.

या सुगीला अजून सहा पिशव्या घेणार आहे आणि पुड्या-पाकिटं सुटी, मशीनशिवाय. पिशवी दुसऱ्या वर्षी वापरता येते. रिकामी झाल्यावर धुऊ नका, उलटी करून झटका, उन्हाकडं धरून भोकं बघा. मग हवा भरून तोंड पिळा आणि वर उशी ठेवून तासभर सोडा. उशी खाली बसली तर ती पिशवी सरपण किंवा कडबा झाकायला. लातूरच्या गंजगोलाई बाजारात एक-दोन दुकानांत साधं जाड प्लास्टिकच 'हवाबंद' म्हणून दीडशेला देतायत. दाणे भरण्याआधी हीच उशीची परीक्षा त्यांच्यासमोरच घ्या.